पोर्तुगालचा महाकवी लुईश द कामोंइश



काही वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन मी गोव्याला गेलो होतो. जुन्या गोव्यातील पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात आम्ही शिरलो. तेथील दोन भव्य पुतळ्यांपाशी मुले थबकली. एक पुतळा आफोंसो द आल्बुकेर्कचा. १५१० साली विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा जिंकून घेणारा हा सेनापती मुलांना इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक होता. दुसरा पुतळा मात्र कोणाच्याच ओळखीचा नव्हता. तो एका कवीचा आहे, असे मी सांगताच नववीतल्या एका मुलाने विचारले, की ज्याने एकही लढाई जिंकली नाही, त्याचा पुतळा सेनापतीच्या पंक्तीला कसा? त्याच्या मागून दुसऱ्याने याहूनही अवघड प्रश्न केला. हा कवी आपल्या बाजूचा होता, की त्यांच्या?

बस सुटण्याची वेळ झाली होती. मी पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत दिले आणि दुसऱ्याचे दिलेच नाही. खरे सांगायचे तर ते उत्तर त्या दिवशी माझ्याजवळ नव्हते. पुढे त्या कवीचे चरित्र आणि त्याच्या काव्याचा अनुवाद मिळवून मी वाचला. आज या स्मरणिकेच्या निमित्ताने दोन्ही उत्तरे तुमच्यापुढे ठेवीत आहे. त्या दोन मुलांपैकी कोणाच्या हाती हा अंक पडला, तर उशिरा दिलेले उत्तरही उत्तरच असते, असे त्याने मानावे.

आपल्या घरातील पोर्तुगीज

पोर्तुगीज भाषेशी आपला काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. वाचकहो, सकाळी उठल्यापासून आपण ती भाषा थोडीथोडी बोलतच असतो. पाव, बटाटा, चावी, बादली, घमेले, इस्त्री आणि महिनाअखेरीस ज्याची आपण वाट पाहतो तो पगार, हे सारे शब्द पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरले. हापूस आंब्याचे नावसुद्धा आफोंसो या पोर्तुगीज नावावरून आलेले आहे. तुरुंग हा शब्दही त्यांच्या ‘त्रोंकु’ या शब्दापासून आला. हा शेवटचा शब्द जरा लक्षात ठेवा. आपल्या कवीच्या आयुष्यात तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

गंमत अशी, की ज्या पोर्तुगिजांनी आपल्याला हे शब्द दिले, त्यांच्याच भाषेत शेकडो अरबी शब्द आहेत. आठव्या शतकाच्या आरंभी मुसलमान त्या देशात गेले आणि देशाच्या दक्षिण भागात त्यांची सत्ता तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. साखर, ऑलिव्हचे तेल, कापूस यांना पोर्तुगीज भाषेत आजही अरबीतून आलेली नावे आहेत. पोर्तुगालच्या दक्षिणेकडील प्रांताचे ‘आल्गार्व’ हे नाव म्हणजे अरबीतील पश्चिम दिशा. एखादी गोष्ट घडो अशी इच्छा व्यक्त करताना पोर्तुगीज माणूस ‘ओशाला’ म्हणतो. त्या शब्दाच्या मुळाशी अल्लाहच्या इच्छेचा उल्लेख आहे, हे त्याच्या ध्यानीही नसते. युद्धे होतात आणि विसरली जातात. शब्द मात्र घर करून राहतात.

या भाषेत साहित्याची परंपरा जुनी आहे. दिनिश नावाचा राजा (१२६१–१३२५) स्वतः गीते रचीत असे. पुढे जिल व्हिसेंत या नाटककाराने राजदरबारात प्रहसने आणि धार्मिक नाटके करून लोकांना हसविले आणि अंतर्मुखही केले. परंतु पोर्तुगीज साहित्याला जगाच्या दरबारात मानाचे स्थान मिळवून दिले ते लुईश द कामोंइश याने. मराठी माणसाला ज्ञानेश्वर आणि फारसी वाचणाऱ्याला फिरदौसी, तसा पोर्तुगिजांना कामोंइश.

जन्म आणि शिक्षण

कामोंइशचा जन्म १५२४ किंवा १५२५ साली, बहुधा लिस्बन शहरात झाला. घराणे खानदानी, पण हलाखीचे. वडिलांचे नाव सिमांव वाझ आणि आईचे आना द सा. त्याच्या बालपणाविषयी कागदपत्रे फारशी नाहीत. चुलता बेंतु हा कोइंब्रा विद्यापीठाचा कुलपती होता. पुतण्या त्या विद्यापीठात शिकल्याची नोंद मात्र सापडत नाही. तरीही लॅटिन भाषा, व्हर्जिलसारखे प्राचीन कवी, इतिहास, भूगोल आणि खगोल या विषयांचे त्याचे ज्ञान पाहिले, की त्याने मन लावून अभ्यास केला होता याबद्दल शंका राहत नाही. पदवीचा कागद सापडो वा न सापडो, खरा इल्म माणसाच्या कामातून दिसतो, हे विद्यार्थ्यांनी येथे ध्यानात घ्यावे.

त्या वेळी लिस्बन हे युरोपातील एक अत्यंत गजबजलेले बंदर होते. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला होता. तेव्हापासून मलबारची मिरी, दालचिनी आणि सुंठ थेट लिस्बनच्या धक्क्यावर उतरू लागली होती. अशा शहरात वाढलेल्या तरुणाच्या कानांवर रात्रंदिवस समुद्राच्या आणि हिंदुस्थानच्या गोष्टी पडत असणार.

एक डोळा आणि पहिला तुरुंग

तरुणपणी कामोंइश सैनिक म्हणून उत्तर आफ्रिकेतील सेउता येथे गेला. हे ठाणे पोर्तुगिजांनी १४१५ साली मोरोक्कोच्या मुसलमानांकडून घेतले होते. तेथील लढाईत त्याचा उजवा डोळा गेला. पुढे जे जग त्याने पाहिले आणि ज्याचे वर्णन केले, ते सारे एकाच डोळ्याने.

लिस्बनला परतल्यावर त्याचे दिवस बरे गेले नाहीत. स्वभाव तापट, हात लगेच तलवारीकडे जाणारा. १५५२ साली एका धार्मिक सणाच्या दिवशी रस्त्यावर भांडण झाले आणि त्याने राजाच्या पदरी असलेल्या गोन्सालु बोर्जिश नावाच्या माणसाला तलवारीने जखमी केले. त्याला पकडून ज्या तुरुंगात टाकले, त्याचे नावच होते त्रोंकु. आपल्या तुरुंग शब्दाचा हा सख्खा भाऊ.

जखमी माणूस बरा झाला आणि त्याने क्षमा केली. मार्च १५५३ मध्ये राजाने माफी दिली. पण सुटकेबरोबर हिंदुस्थानातील सैनिकी चाकरीही आली. काही दिवसांतच तो गोव्याकडे निघणाऱ्या जहाजावर चढला. त्या जहाजाचे नाव सांव बेंतु. सुमारे सहा महिने प्रवास करून ते सप्टेंबर १५५३ मध्ये गोव्यास लागले. हेच जहाज पुढील वर्षी परत जाताना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर फुटले आणि पुष्कळ माणसे दगावली. माणसाची सफर कोठे संपायची हे त्याच्या हाती नसते.

गोव्यातील दिवस

गोवा तेव्हा वैभवाच्या शिखरावर होता. परंतु ते वैभव सामान्य शिपायाच्या वाट्याला येत नसे. मोहीम असली तर पगार, नसली तर उपासमार. अशा स्थितीत कित्येक शिपाई बड्या लोकांच्या पंगतीला बसून दिवस काढीत. घरी लिहिलेल्या एका पत्रात कामोंइशने तक्रार केली आहे, की या शहरात लबाडांचे चालते आणि प्रामाणिक माणसाला कोणी विचारीत नाही.

त्याला प्रथम मलबारच्या मोहिमेवर पाठविले. नंतर तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, आफ्रिकेच्या गार्डाफुई भूशिराजवळ, एका आरमाराबरोबर जावे लागले. हे आरमार तेथे कशासाठी थांबले होते? हिंदुस्थानातून अरबस्तानाकडे आणि तेथून इकडे येणारी मुसलमानांची जहाजे अडविण्यासाठी. त्या जहाजांतून कापड आणि मसाले जात, तसे हाजीही जात. पोर्तुगिजांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घेतल्याखेरीज आपल्याच समुद्रात गलबत हाकारणे कोकणच्या नाखुद्यांनाही धोक्याचे झाले होते. ही बाजू आपण विसरता कामा नये. मात्र त्या उजाड डोंगराच्या पायथ्याशी कामोंइशने जे काव्य लिहिले, त्यात विजयाचा जल्लोष नाही. घरापासून दूर पडलेल्या, आयुष्य वाया चालले असे वाटणाऱ्या एका माणसाचे दुःख त्यात आहे.

१५५५ साली फ्रांसिश्कु बार्रेतु गव्हर्नर झाला, त्या प्रसंगी कामोंइशचे ‘फिलोदेमु’ हे नाटक गोव्यात झाले असे मानतात. त्याची एक मजेदार हकिकतही प्रसिद्ध आहे. त्याने एकदा काही उमरावांना जेवणाचे आमंत्रण दिले. पाहुण्यांनी ताटांवरची झाकणे उचलली, तर आत अन्न नव्हते. प्रत्येकाच्या ताटात त्याच्यासाठी रचलेल्या ओळी ठेवलेल्या होत्या. पाहुणे हसले असतील. पण वाचकहो, ज्याच्या घरात शिजवायला पुरेसे आहे, त्याला अशी थट्टा सहसा सुचत नाही.

याच पूर्वेकडील काळातील त्याची एक कविता बार्बरा नावाच्या सावळ्या स्त्रीवर आहे. ही स्त्री गुलाम होती. गोऱ्या कांतीचीच वाखाणणी करणाऱ्या त्या काळच्या युरोपीय काव्यात त्याने काळेभोर केस आणि सावळा रंग यांना सौंदर्याचा पहिला मान दिला. तिची गुलामगिरी त्याला खटकली नाही, हेही तितकेच खरे. काळाच्या पुढे एक पाऊल आणि दुसरे पाऊल काळाच्याच चिखलात, असे पुष्कळ मोठ्या माणसांचे असते.

बुडते जहाज आणि भिजलेले कागद

पुढे तो अतिपूर्वेकडे गेला. चीनच्या किनाऱ्यावरील मकाव येथे तो काही काळ राहिला, अशी परंपरा आहे आणि ज्या गुहेत बसून तो लिहीत असे म्हणतात, ती तेथे दाखवितात. परतीच्या वाटेवर मेकाँग नदीच्या मुखाशी त्याचे जहाज फुटले. जवळचे सारे गेले. वाचले ते त्याचे प्राण आणि एका काव्याचे हस्तलिखित. एका हाताने पाणी कापीत आणि दुसऱ्या हातात कागद उंच धरून तो किनाऱ्याला लागला, असे लोक सांगतात. हाताची गोष्ट लोककथा असू शकेल. परंतु त्या भिजलेल्या कागदांचा आणि मेकाँग नदीचा उल्लेख त्याने स्वतः आपल्या महाकाव्यात केला आहे.

गोव्याला परतला तो पुन्हा अडचणीत. कर्जापायी त्याला तेथेही तुरुंग पाहावा लागला. सावकाराने कैदेत टाकले, तेव्हा त्याने व्हाइसरॉयकडे सुटकेची याचना केली तीही विनोदी पद्यात.

गार्सिया द ऑर्ता आणि पहिली छापील कविता

आता एक गोष्ट सांगतो, ती आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली आहे. गोव्यात त्या काळी गार्सिया द ऑर्ता नावाचा विद्वान वैद्य राहत होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य आणि स्नेही. नगरच्या दरबारातील हकिमांशी त्याच्या औषधांवर चर्चा होत. इब्न सिना आणि इतर मुसलमान वैद्यांचे ग्रंथ त्याने अभ्यासले होते. युरोपातील विद्वान ज्या वनस्पतींविषयी केवळ ऐकून लिहीत, त्या त्याने स्वतः पाहून, हकिमांना आणि वैद्यांना विचारून, एक मोठा ग्रंथ संवादरूपाने लिहिला. तो १५६३ साली गोव्यात छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या ग्रंथांपैकी हा एक.

या ग्रंथाच्या आरंभी व्हाइसरॉयला उद्देशून एक कविता आहे. या वृद्ध विद्वानाच्या कामाला आश्रय द्यावा, अशी विनंती तीत केली आहे. ती कविता कामोंइशची. छापून प्रसिद्ध झालेली त्याची ही पहिलीच कविता होय. स्वतः कर्जबाजारी असलेल्या कवीने आपले शब्द दुसऱ्याच्या विद्येसाठी खर्च केले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ऑर्ता हा मूळच्या यहुदी घराण्यातील होता. सक्तीने ख्रिस्ती झालेली ही घराणी धर्मन्यायालयाच्या सतत संशयात असत. गोव्यात ते न्यायालय १५६० साली सुरू झाले. ऑर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला जिवंत जाळण्यात आले आणि १५८० साली ऑर्ताच्या अस्थी उकरून काढून जाळल्या. विद्वानाच्या हाडांनाही ज्या व्यवस्थेने सोडले नाही, तिच्याच छायेत कामोंइश आपले काव्य पुरे करीत होता.

परतीचा प्रवास

१५६७ च्या सुमारास मायदेशी जाण्याच्या इच्छेने तो मोझांबिकपर्यंत पोहोचला. पुढच्या प्रवासाचे भाडे नव्हते. दोन वर्षे तेथेच अडकला. दियोगु द कोउतु हा इतिहासकार त्याचा मित्र. १५६९ साली त्याचे जहाज मोझांबिकला लागले, तेव्हा कामोंइश मित्रांच्या दयेवर जेवत होता आणि तशाही स्थितीत आपल्या महाकाव्यावर शेवटचा हात फिरवीत होता, असे त्याने लिहून ठेवले आहे. मित्रांनी वर्गणी काढून त्याला कपडे दिले आणि भाडे भरले. तेथे त्याच्या दुसऱ्या कवितांचे एक हस्तलिखित चोरीला गेले. ते पुन्हा सापडले नाही.

१५७० साली, सतरा वर्षांनी, तो लिस्बनला पोहोचला. शहर नुकतेच प्लेगने उद्ध्वस्त केले होते. सतरा वर्षे पूर्वेकडे राहून माणसे सोन्याच्या पेट्या घेऊन परतत. याच्याजवळ फक्त कागद होते.

‘उश लुझियादश’

धर्मन्यायालयाच्या परीक्षकाने हस्तलिखित तपासले. काव्यात व्हीनस, बॅकस अशा जुन्या रोमन देवता होत्या. त्या केवळ काव्याचा अलंकार आहेत असे मानून त्याने परवानगी दिली. १५७२ साली ‘उश लुझियादश’ प्रसिद्ध झाले. लुझुचे वंशज, म्हणजे पोर्तुगीज लोक, असा त्या नावाचा अर्थ. काव्याचे सर्ग १० आणि कडवी ११०२. प्रत्येक कडवे आठ ओळींचे.

कथानक वास्को द गामाच्या पहिल्या सफरीचे. १४९७ च्या जुलैमध्ये गामा लिस्बनहून निघाला. मलिंदीच्या सुलतानाने त्याचा सत्कार केला आणि त्याला पोर्तुगालचा इतिहास सांगण्याची विनंती केली, अशी योजना करून कवीने आपल्या देशाचा सारा इतिहास गामाच्या मुखातून वदविला आहे. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी आदामास्तोर नावाचा प्रचंड राक्षस उभा राहतो आणि या दर्यावर्दींना पुढच्या संकटांची भविष्यवाणी ऐकवितो. तो राक्षस म्हणजे वादळाचे ते भूशिरच. समुद्राचे असे वर्णन क्वचितच सापडते, कारण ते लिहिणारा स्वतः बुडता बुडता वाचलेला होता.

अरबी समुद्र ओलांडताना गामाला मलिंदीहून वाटाड्या मिळाला. तो अहमद इब्न माजिद हा थोर अरब नौकाशास्त्रज्ञ होता, असे कित्येक पुस्तकांत छापले आहे. आजच्या संशोधकांना ते मान्य नाही. जुने पोर्तुगीज इतिहासकार त्याला गुजरातचा मुसलमान म्हणतात. कालिकतला उतरल्यावर पोर्तुगिजांना भेटलेला आणि त्यांची भाषा समजणारा मोंसाइद हाही उत्तर आफ्रिकेचा मुसलमानच. काव्यात तो गामाला मलबारची माहिती देतो आणि धोक्याची सूचनाही. म्हणजे गामाला समुद्राची वाट दाखविणारा मुसलमान आणि जमिनीवर मदत करणाराही मुसलमान.

आणि तरीही वाचकहो, या काव्यात मुसलमान हा मुख्यतः शत्रू आहे. मोझांबिक आणि मोंबासाचे लोक कपटी, कालिकतचे व्यापारी कारस्थानी. अखेरच्या सर्गात पुढे होणाऱ्या पोर्तुगीज पराक्रमांची यादी येते. तीत आपल्या कोकणची नावे आहेत. चौल आहे आणि दाभोळ आहे. आदिलशाहीच्या या भरभराटीच्या बंदरावर डिसेंबर १५०८ मध्ये फ्रांसिश्कु द आल्मैदाने हल्ला केला, गाव लुटले, जाळले, आणि बायकामुलांचीही कत्तल केली. चौलच्या लढाईत मारल्या गेलेल्या आपल्या मुलाचा तो सूड घेत होता. कामोंइशच्या काव्यात हे सारे एका शूर पित्याच्या तलवारीचे कौतुक म्हणून दोन-तीन ओळींत उरकले आहे. अनुवादात तो भाग वाचताना माझ्या हातातून पुस्तक खाली ठेवले गेले. दाभोळच्या त्या घरांतील माणसांची नावे कोणत्याही महाकाव्यात नाहीत.

मग काही दिवसांनी मी ते पुन्हा उचलले. आणि तेव्हा मला त्याच पुस्तकात आणखी काही दिसले. गामाची जहाजे लिस्बनहून निघताना धक्क्यावर एक म्हातारा उभा आहे. कीर्तीच्या आणि लोभाच्या मागे लागून तुम्ही घरे उघडी टाकीत आहात, देश ओसाड करीत आहात, असे तो दर्यावर्दींना बजावतो. त्या म्हाताऱ्यालाही मोरोक्कोशी लढाई मान्य आहे, तो काही सर्वांचा मित्र नव्हे. तथापि ज्या सफरीचे गुणगान करायचे, तिच्याच आरंभी तिला शाप देणारा माणूस उभा करायचा, याला धैर्य लागते. आल्बुकेर्कची कीर्ती गातानाही एका शिपायाला क्षुल्लक कारणावरून त्याने फाशी दिले, याबद्दल कवीने त्याला दोष दिला आहे. देशाला विद्येची कदर नाही, सत्ताधीश लोभी झाले आहेत, हेही त्याने ठिकठिकाणी निर्भीडपणे सांगितले आहे. संग्रहालयात सेनापती आणि कवी जवळजवळ उभे आहेत. पण सेनापतीची चूक लिहून ठेवण्याचा अधिकार कवीने सोडला नव्हता.

अखेर

सेबास्तियांव या तरुण राजाने त्याला वर्षाला १५,००० रैश इतके लहानसे निवृत्तिवेतन मंजूर केले. तेही वेळेवर मिळत नसे. जावाहून त्याच्याबरोबर आलेला एक नोकर रात्री लिस्बनच्या रस्त्यांवर भीक मागून मालकाला जगवीत असे, अशी आख्यायिका आहे.

याच राजाला आपल्या काव्यातून कामोंइशने मोरोक्कोवर स्वारी करण्याचे उत्तेजन दिले होते. राजा खरोखरच गेला. ४ ऑगस्ट १५७८ रोजी अल-कसर अल-कबीर येथे पोर्तुगीज सैन्याचा धुव्वा उडाला आणि राजा मारला गेला. त्याच्या पाठीमागे वारस नव्हता. दोन वर्षांत पोर्तुगालचे स्वातंत्र्य गेले आणि ते स्पेनच्या राजाच्या हाती पडले. कवीच्या शब्दांनी स्वारी झाली असे कोणी म्हणणार नाही. पण युद्धाचे पोवाडे गाणाऱ्याला त्याचा शेवटही पाहावा लागतो, एवढे खरे.

देशाची ही दशा पाहत कामोंइश १० जून १५८० रोजी निवर्तला. अंगावर घालायला चादरही नव्हती, ती दुसऱ्याच्या घरून आणावी लागली, असे सांगतात. म्हातारी आई मागे राहिली. त्याच्या निवृत्तिवेतनाचा भाग पुढे तिला मिळाला. १७५५ च्या भूकंपाने त्याची कबर असलेले चर्च उद्ध्वस्त केले. १८८० साली त्याच्या समजल्या गेलेल्या अस्थी लिस्बनच्या जेरोनिमुश मठात वास्को द गामाच्या समोर ठेवण्यात आल्या. आज १० जून हा पोर्तुगालचा राष्ट्रीय दिन आहे. एखाद्या राजाच्या जन्माचा किंवा लढाईतील विजयाचा दिवस न निवडता त्या देशाने एका कर्जबाजारी कवीच्या मृत्यूचा दिवस निवडला. लढाई न जिंकता याचा पुतळा का, असे विचारणाऱ्या मुला, तुझे उत्तर हे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर

कामोंइशनंतर ही भाषा थांबली नाही. फर्नांव मेंदिश पिंतुने पूर्वेकडील आपल्या भटकंतीचे विलक्षण पुस्तक लिहिले. ते १६१४ साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापले गेले. एकोणिसाव्या शतकात एसा द कैरोशने कादंबऱ्यांतून समाजातील ढोंगावर बोट ठेवले. विसाव्या शतकात फर्नांदु पेसोआने अनेक काल्पनिक कवींच्या नावांनी कविता लिहिल्या आणि १९३५ साली तो गेला, तेव्हा त्याची ट्रंक हजारो अप्रसिद्ध कागदांनी भरलेली होती. भूमिहीन शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या, गरिबीमुळे शाळा सोडून यंत्रकाम शिकावे लागलेल्या जुझे सारामागुला १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपले हस्तलिखित घेऊन लिस्बनमध्ये प्रकाशनासाठी खटपट करणाऱ्या कामोंइशवर याच सारामागुने एक नाटक लिहिले आहे.

त्याची आणखी एक कादंबरी १९८९ साली प्रसिद्ध झाली. ११४७ साली लिस्बन मुसलमानांकडून घेतले गेले, त्या वेढ्यावर ती आहे. तीत वेढ्याच्या आतील माणसे दिसतात. मशिदीच्या मिनारावर चढून अजान देणारा आंधळा मुअज्जिन दिसतो. जी माणसे कामोंइशच्या एका डोळ्याला दिसली नव्हती, ती चार शतकांनंतर त्याच्याच भाषेतील वारसाला दिसली. सारामागु कामोंइश वाचूनच मोठा झाला होता, त्याने ते पुस्तक जाळले नव्हते.

तेव्हा हा कवी आपल्या बाजूचा होता का? नव्हता. परंतु पुस्तक वाचायचे की नाही, हे त्यावरून ठरत नाही. कामोंइशला एकच डोळा होता. अल्लाहने आपल्याला दोन दिले आहेत. एका डोळ्याने त्याच्या काव्याचे सौंदर्य आणि त्याची चिकाटी पाहा. दुसऱ्या डोळ्याने दाभोळ पाहा. दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचणारा विद्यार्थी कोणाचेही पुस्तक हाती घेऊ शकतो, त्याला भिण्याचे कारण नाही.

पालकांना एवढीच विनंती, की घरात मुलाच्या वहीला जागा द्या. घर लहान असो, दिवा एकच असो. तुरुंग, कर्ज, समुद्र आणि उपासमार यांतून ज्याने कागदांची एक चळत सतरा वर्षे जपली, त्याच्याजवळ याहून अधिक काही नव्हते. आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी गोव्याला गेलात, तर त्या पुतळ्यापुढे थोडे थांबा. दाभोळलाही जा. खाडीच्या काठी उभे राहा आणि तेथल्या म्हाताऱ्या माणसांना जुन्या गोष्टी विचारा. त्या गावाचे काव्य अजून लिहिले गेलेले नाही. कदाचित ते तुमच्यापैकी कोणाच्या तरी वहीत लिहायचे राहिले असेल.